गाय आटली नव्हती

मी, एनॉक रिमर, वय एकाहत्तर, राहणार लिव्हरपूल, आगबोटीवरील पहिल्या वर्गाच्या उतारूंचा निवृत्त सेवक. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो.

१. माझे पांढरे हातमोजे धाकटा भाऊ सायलस यास द्यावेत. "लोकांच्या उशा झटकणारा" म्हणून त्याने मला जन्मभर हिणवले. आता ते घालून स्वतःच्या झटकाव्यात.

२. माझ्या बचतीतून साधी मूठमाती द्यावी. पेटीला मखमल नको. तीस वर्षे मखमली कोच झाडले, तेवढे पुरे.

३. राहते घर सामानसुमानासह होनोरा गिलफॉइल हिला द्यावे. ती शेजारच्या गोठ्यावर धारा काढते आणि नऊ वर्षे रोज मला लोटाभर दूध आणून देते. पैसे घेत नाही. मात्र किल्ली देण्यापूर्वी वकिलांनी पुढील मजकूर तिला वाचून दाखवावा. तिला वाचता येत नाही.

होनोरा, १८७१ साली तू आमच्या बोटीच्या तळच्या वर्गातून अमेरिकेला निघालीस. कडेवर तापाने फणफणलेला तुझा तान्हा डेनिस. पहिल्या वर्गाच्या ताज्या दुधासाठी बोटीवर गाय बांधलेली असे. तू जिन्यापाशी येऊन म्हणालीस, "अहो, वाटीभर दूध द्या हो पोराला. माझं अंगावरचं आटलंय."

मी म्हणालो, "बाई, आमची गायही आटलीय."

ती आटली नव्हती. वरचे खाली द्यायचे नाही असा नियम होता आणि मला मुख्य सेवकाची जागा हवी होती. त्या सकाळी एका बाईसाहेबांनी दुधाने तोंड धुतले. उरलेले अर्धे भांडे मी समुद्रात ओतले. तिसऱ्या दिवशी त्याच समुद्रात डेनिसला सोडले. जागा मला मिळाली.

पुढे तू परतलीस, मला ओळखलेस. "मिस्टर रिमर, गाय आटली त्यात तुमचा काय दोष? निदान माणसासारखं बोललात तरी. प्या, गार होतंय." मी प्यालो. रोज प्यालो. प्रत्येक घोटाला लाज वाटली, तरी तोंड उघडले नाही.

४. हे ऐकून तिने घर नाकारल्यास कोणीही तिची मनधरणी करू नये.

आत्ताच ती येऊन गेली. "साक्षीला माणूस हवंय ना? मी मारते की फुली!" घर जिला द्यायचे तिची साक्ष चालत नाही, हे तिला सांगू शकलो नाही. दोघे ठरलेत म्हणालो. "बरं बाई. दूध तेवढं संपवा," म्हणून गेली.

लोटा समोर आहे. आज प्यालो नाही. तो भरलेला ठेवूनच सही करतो.

सही: एनॉक रिमर
आमच्यादेखत सही झाली: थॉमस हेस्केथ, मेणबत्तीवाला, मार्गरेट ॲस्पिनॉल, शिंपीण
लिव्हरपूल, ४ मार्च १८९८