वावर कोणी जाळलं

माय, या वर्षी वावर पुन्हा पांढरं झालं. नाल्याकडची खालची पट्टी, तीच. पहाटे दार उघडलं तर धुऱ्यावरच्या गवतावर कोणी मीठ उधळावं तसं दंव गोठलेलं, गाईच्या बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा, आणि हरभऱ्याच्या पानापानावर पांढरी भुकटी. माझी नात, म्हणजे लेकीची लेक, सुट्टीला आलेली आहे. ती फोन घेऊन बाहेर धावली. "आजी, बर्फ पडलाय!" मी म्हटलं, फोटो मग काढ, आधी ओला काडीकचरा ओढ. थंडी अडवायला बांधावर धूर करायचा, पण त्याला उशीर झालेला होता हे मला दिसत होतं, तरी केला. ऊन वर चढलं, पांढरं गेलं, आणि दुपारपर्यंत घाट्यावर आलेला हरभरा उकडलेल्या पाल्यासारखा काळा पडून लोळला. हे तुला नवं नाही. हे तू पाहिलेलं आहेस. त्या सकाळी तू जे बोललीस आणि जे बोलली नाहीस, त्यासाठी लिहिते आहे.

गावात अजून तुझं नाव निघतं ते आंबेसाठी. हिवाळा लागला की तू पहाटे आंघोळ करून, धुतलेल्या धोतराचा पांढरा तुकडा घेऊन वावरात जायचीस, हरभऱ्याच्या शेंड्यांवर तो पसरायचीस, ओढत ओढत पुढं न्यायचीस आणि आंबेनं, त्या आंबट दंवानं, जड झाला की काचेच्या बरणीत पिळायचीस. पोटदुखीवर, अजीर्णावर लोक ती मागायला यायचे, पार धारणीकडून जीपनं यायचे. मी मागून बरणी धरून चालायची. पायाची बोटं बधिर, हाताच्या भेगांत आंब गेली की डोळ्यांतून पाणी. रडले तर तू म्हणायचीस, "हात हायेत का लोनी?" घरी आल्यावर चुलीशी बसायला मिळायचं ते आधी भावाला, कारण त्याला शाळेत जायचं असे. शाळेत मीही जात होते. आंबेचे तुझे नियम कडक होते. बाहेरची, म्हणजे पाळीतली बाई त्या वावराच्या धुऱ्यावरसुद्धा उभी राहायची नाही. सावली पडली तर आंब नासते, पीक जळतं. गावातल्या सगळ्या बायांना हे तूच शिकवलंस.

मी अकरावीत होते. धारणीकडचा एक माणूस आदल्या संध्याकाळी येऊन ओसरीवर झोपला होता, त्याच्या बापाला आंब हवी होती. तुझ्या बोटांना भेगा पडून चिंध्या बांधलेल्या होत्या. पहाटे तू मला उठवलंस. मी गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळी झोपले होते, का ते तुला माहीत होतं. तरी मी सांगितलं, "माय, मी बाहेरची हावो." तू कपडा माझ्या अंगावर टाकलास. "मुकाट्यानं जाय. मानूस बसून हाये. कोन पाह्यते तुले?" मी गेले. आंब खूप निघाली त्या दिवशी, बरणी गळ्यापर्यंत. तो माणूस तुझ्या पाया पडून गेला. तू पाया पडून घेतलंस.

मग दोन दिवसांनी दंव गोठलं.

बाया धुऱ्यावर जमल्या. शेजारच्या वावरातली नवी सूनही आली होती, ती आता म्हातारी आहे, तिचं पुढं सांगते. कोणीतरी म्हणालं, "कोनाची नजर लागली व बाई?" बापू डोक्याला हात लावून बांधावर बसले होते. तू जळक्या पट्टीकडे पाहिलंस, मग जमलेल्या बायांकडे, मग माझ्याकडे. "नजर कायची लागते? इले इचारा. बाहेरची असून आंबेले गेल्ती." एवढंच. पुढचं वाक्य तू गिळलंस. मी वाट पाहत उभी होते, माय. मला वाटलं, आता म्हणेल, मीच धाडली. इतकं सोपं होतं. बापू उठले, माझ्याकडे न पाहता घरी गेले. तू पदर खोचलास आणि जळलेली झुडपं उपटायला लागलीस, जणू काम पडलं होतं म्हणून बोलायचं राहिलं.

त्या दिवसापासून मी वावरजाळी. विहिरीवर वावरजाळी, बस-स्टँडवर वावरजाळी. माझ्या हळदीतही एका बाईनं नवऱ्याच्या मावशीला हसत सांगितलं, पोरगी चांगली आहे, फक्त वावरापासून दूर ठेवा. तू तिथंच उभी होतीस, हातात हळदीची वाटी घेऊन. तेव्हाही तुला वाचा फुटली नाही.

अकोल्याला कॉलेजात गेले तिथं पहिल्याच हिवाळ्यात सरांनी फळ्यावर उतार काढून दाखवला. गार हवा जड असते, पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. मी वर्गात बसल्या बसल्या आपला नाला पाहिला. आणखी एक गोष्ट मला कोणी शिकवली नाही, माझी मलाच कळली. आंब भरपूर निघते ती आभाळ निरभ्र आणि थंडी चढत जाते तेव्हा. दंव गोठायच्या आधीचे दिवस तेच. म्हणजे आंबेला कोणीही गेलं असतं, पाठोपाठ वावर जळणारच होतं. संक्रांतीला घरी येऊन मी तुला हे सगळं समजावलं, चुलीपुढं राखेत रेघा ओढून. तू भाकरी थापत होतीस. ऐकलंस सगळं. मग म्हणालीस, "शिकली तं शिकली. पन आपला नाला काय तुह्या वर्गात बसते?" भाऊ हसला. बापूही हसले. तू भाकरी उलटवलीस आणि राखेतल्या माझ्या रेघा हातानं पुसून टाकल्यास.

लग्नानंतर दर हिवाळ्यात तू कोणाच्या ना कोणाच्या हातून आंबेची बाटली अकोल्याला पाठवायचीस. निरोप नाही, काही नाही, फक्त बाटली. शेजारणी म्हणायच्या, किती माया आहे आईची. मी ती मोरीत ओतत होते. प्रत्येक वर्षी. तुला ही तुझी माफी वाटत असेल तर सांगते, माफीला तोंड लागतं. ज्या तोंडानं चार बायांत सांगितलंस, त्याच तोंडानं, त्याच चार बायांत.

तू आणि बापू गेल्यावर भावाला वावर नको होतं, तो अमरावतीला रमला. शाळेतली नोकरी संपल्यावर मी इथं राहायला आले. त्यालाही आता बरेच हिवाळे झाले. गोठा मी झाडते, गव्हाला पाणी मी देते, आंब मात्र कधी धरली नाही. या वर्षी नात मागं लागली, शिकव म्हणून. कपडा हातात दिला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आजी, मला पाळी आलीये. चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल. जा." माझ्या आवाजात किती आनंद होता ते तू ऐकायला हवं होतंस. ती बूट घालून, गाणं म्हणत वावरभर कपडा ओढत फिरली. पंधरा-वीस कपडे पिळून आल्यासारखी बोटं घेऊन परत आली आणि चुलीशी आधी ती बसली.

आणि परवा दंव गोठलं. नियमाप्रमाणे.

शेजारची म्हातारी, तीच त्या वेळची नवी सून, काठी टेकत धुऱ्यावर आली. काळ्या हरभऱ्याकडे पाहून बोळक्या तोंडानं हसली. "काय व वावरजाळे, पुन्हा जाळलं?" मग नातीकडे हनुवटी करून, "पोट्टी गेल्ती म्हंते आंबेले. साफ होती न?" नात माझ्या शेजारी उभी होती, हाताला धुराची काजळी. तिला सगळी गोष्ट माहीत आहे, मीच सांगितलेली. ती माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "नव्हती साफ. अन् मीच धाडली तिले. तुमची खालची पट्टी पाहून आल्या का? ते कोनं जाळली मंग?" म्हातारीनं मागं वळून आपल्या वावराकडे पाहिलं, तेही तितकंच काळं. "हो वं माय," ती म्हणाली, "आपल्या घरी तं धाडाले पोट्टीच नाही." आणि काठी टेकत गेली. नात हसली. मी हसले नाही.

तुला वाचता येत नव्हतं. तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवायची, तेव्हा हे पत्र कोणाकडे पाठवायचं हा प्रश्नच नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. एक गोष्ट मात्र राहिली, ती लिहून ठेवते. म्हातारीला उत्तर देण्याआधी मी जळक्या पट्टीकडे पाहिलं होतं, मग म्हातारीकडे, मग पोरीकडे. तू पाहिलंस त्याच क्रमानं. आणि क्षणभर, माय, मला खरंच वाटलं होतं की हिच्यामुळं झालं. पोरीला ते माझ्या डोळ्यांत दिसलं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.