दोन मणांच्या आत

आर्वी, १५ डिसेंबर १९५३, मंगळवार

आज आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मोठ्या काट्यावर स्वतःलाच चढवलं. एक मण अडतीस शेर! श्रावणात दोन मण बावीस होतो. मण चाळीस शेरांचा, म्हणजे चोवीस शेर साफ. आमचा पावत्या लिहिणारा हिरालाल, त्याने तीनदा मापं बदलून पाहिली. शेवटी म्हणाला, बंडूजी, एक पोतं कमी भरून राह्यलं.

लोक म्हणतात, मुदतीच्या तापाने झालं. बोलायला काय जातं? ताप दीड महिना होता, हे कबूल. पण त्या दीड महिन्यात भज्यांचा वास येत असूनही मी एक भजं खाल्लं नाही. ही विलपॉवर. (वैद्याने मनाई केली होती आणि आमच्या नलूची आई दारात बसून असे, हा भाग वेगळा.)

संकल्प: यापुढे जन्मात दोन मणांच्या वर जायचं नाही.

१७ डिसेंबर

आरशात गळ्याचं हाड दिसलं. मॅट्रिकनंतर प्रथमच. बराच वेळ पाहत राहिलो. ऑफिसला उशीर.

रस्त्यात चार जणांनी विचारलं, आता बरं आहे का. जळतात.

२० डिसेंबर, रविवार

जुने कपडे काढून टाकले. अर्ध्या तासाचं काम म्हणून पेटी उघडली, दुपार झाली.

पहिला हात लागला निळ्या रेघांच्या सदऱ्याला. नलूच्या बारशाचा. तेव्हा याच्या दोन बटणांमधून बंडी डोकवायची. आज घातला तर मीच आत कुठे आहे ते शोधावं लागलं. सदऱ्याला म्हटलं, बाबा रे, तू पुष्कळ सोसलंस. मग पिवळा कोशाचा झब्बा. याच्यावर श्रीखंडाचा डाग. कोणत्या पंगतीचा तोही आठवला, आणि वाढप्याचं नावही. मग लग्नातला काळा कोट. तीन वेळा उसवून वाढवलेला. उलटा करून पाहिला तर आतल्या शिवणींत माझा सगळा संसार: ही लग्नाची, ही नलू झाली तेव्हाची, ही काट्यावर बढती मिळाली तेव्हाची. डोळ्यांत पाणी आलं. पेटीत धूळ फार होती.

नलूची आई दारातून म्हणाली, राहू द्या ना, माणूस पुन्हा भरते. मी म्हटलं, म्हणूनच! परतीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही. ती म्हणाली, गड जाऊ द्या, पुढच्या रविवारी रोहण्याचे पाहुणे नलूले पाहाले येऊन राह्यले, त्या दिवशी काय घालान?

बायकांना ध्येय कळत नाही.

भांडेवाली भागीरथा ओट्यावर टोपली घेऊन बसलेलीच होती. एकेक सदरा उन्हात धरून त्याची भोकं मोजली. म्हणाली, कपडा लय आहे, पण जीव नाई त्याच्यात. अकरा सदऱ्यांवर एक ताटली देऊ लागली. माझा अपमान झाला. इरेला पेटून झब्बा टाकला, चार बंड्या टाकल्या, शेवटी कोट टाकला. तेव्हा कुठे पितळेचा गंज, चांगलं मोठं पातेलं, टोपलीतून निघाला. जाताना कोट पसरून म्हणाली, याच्यात दोन पोट्ट्यांचे दोन कोट निघतात पाहा. मला वाईट वाटलं. मग अभिमान वाटला. मग पुन्हा वाईट वाटलं.

गंज मात्र दणकट आहे. नलूची आई संध्याकाळपर्यंत तो आदळत होती.

२४ डिसेंबर

दोन नवे सदरे शिवून आले. अंगाबरोबर. पुढे वाढवायला आत कापड ठेवू दिलं नाही. ज्याचा स्वतःवर विश्वास नाही त्याने कापड ठेवावं.

२७ डिसेंबर, रविवार

पाहुणे आले. प्रभाकरराव आणि सुमित्राबाई. शेती मोठी, मुलगा पुलगावला मास्तर, त्याचा फोटो आणला होता. नलू छान दिसली. मीही.

प्रभाकररावांची नजर नलूपेक्षा माझ्यावरच जास्त. म्हणाले, दोन वर्षांमागे तुमाले बाजारात पाह्यलं होतं, तेव्हा केवढे होते! तब्येत काऊन उतरली? मी सांगितलं, मनावर घेतलं म्हणून उतरली. त्यांनी सुमित्राबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, घरात आणखी कोणाची उतरली का? मी म्हटलं, अजून नाही, पण मी सगळ्यांच्या मागे लागलो आहे.

तेवढ्यात पोह्यांतली मिरची घशात गेली आणि ठसका लागला. चांगला पाच मिनिटं. प्रभाकररावांनी खुर्ची दाराजवळ नेली. हवा आवडत असावी.

पोहे तसेच ठेवले, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. घाईत निघाले. किती निर्मोही माणसं! नलूची आई फाटकापर्यंत गेली आणि सुमित्राबाईंशी बराच वेळ कुजबुजली. परत आली तेव्हा डोळे लाल. पोरीची पाठवणी आत्ताच डोळ्यांपुढे आली असेल.

३ जानेवारी १९५४

रोहण्याहून पत्र नाही. होणारच. दोन दिवसांत पौष लागतो, पौषात कोणी लग्नाचं बोलत नाही. रीतीची माणसं.

वजन एक मण एकोणचाळीस. एक शेर थंडीचा.

नलूच्या आईने वैद्याकडून लाडू आणवले आहेत. चरबी झाडण्याचे. सकाळी एक, संध्याकाळी एक. औषध असून चवीला बरे.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ घेतला. सणाचा धरत नाहीत.

काटा आज दोन मण चार शेर दाखवत होता. क्षणभर हबकलो. मग लक्षात आलं, अरे, कापसाच्या बोजातून पोत्याचं वजन, म्हणजे बारदाना, आपण रोज वजा करतो. ओल असेल तर तीही. मग माणसाने काय पाप केलं? कपडे तीन शेर, जोडे दोन शेर वजा केले. एक मण एकोणचाळीस. हिरालाल म्हणाला, बंडूजी, मागच्या खेपेले बारदाना नोता का? त्याला पावत्या लिहायला सांगितलं.

लाडू सकाळी दोन, संध्याकाळी दोन केले. औषध पोटात जाईल तसा गुण येईल.

२ फेब्रुवारी

हिरालालचा मेव्हणा रोहण्याचा. तो सांगत होता की तिकडे घरोघर माझीच चर्चा. विशेषतः माझ्या छातीबद्दल बोलतात. आता काय बोलावं! एक सामान्य काटेबाबू, पण दहा-बारा मैलांवर नाव गेलं. हिरालाल आणखी काही सांगणार होता, पण गाड्या आल्या.

घरी सांगितलं. नलूची आई कणीक मळता मळता थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली. तिला अशा गोष्टी लवकर लागतात.

७ फेब्रुवारी, रविवार

माघ लागला. पत्र नाही. आता मलाही जरा चुटपुट. मुहूर्त शोधत असतील.

नलू दोन दिवस धड जेवत नाही. पोरीचं मन त्या मास्तरावर बसलं आहे. तिची आई म्हणाली, पोरीले तिथंच द्यायचं आहे, आता सारं तुमच्यावर आहे. मी म्हटलं, माझ्यावर म्हणजे? मी काय करू? ती म्हणाली, जेवा.

बापाचं काळीज. नलूला सोबत म्हणून जेवलो. तिने अर्धी भाकर खाल्ली, मी चार. जवसाची चटणी, वर तेल. त्याग त्याग म्हणतात तो हाच.

२१ फेब्रुवारी

वरणाला हल्ली फार चकाकी येते. विचारलं तर म्हणते, डाळ नवी आहे.

लाडू संपले. वैद्याने आणखी दिले. हा वैद्य घरी कधी येतो, कळत नाही.

७ मार्च, रविवार

काटा म्हणतो दोन मण अठरा. हिशेबाने घेतलं पाहिजे. कपडे तीन शेर. जोडे दोन. टोपी पाव. दुपारचं जेवण चार (पचलेलं नाही, म्हणजे अजून माझं झालेलं नाही). आंघोळीची ओल दोन. किल्ल्यांचा जुडगा एक. काट्यातला दोष तीन. व्यापारी सूट तीन. निव्वळ: एक मण पावणेचाळीस.

संकल्प कायम!

संध्याकाळी चप्पल उचलायला वाकलो तर नवा सदरा पाठीत टर्र फाटला. गिरणीचं कापड. पूर्वीचं राहिलं नाही.

१४ मार्च

रोहण्याचा निरोप! येत्या रविवारी पुन्हा येतात. मी म्हटलंच होतं. नलूच्या आईनेच कोणाच्या तरी हाती सांगून पाठवलं होतं म्हणे, की एकदा येऊन पाहून जा. पोरीला एकदा पाहिलं आहे, आता काय पाहायचं?

नलू आज गुणगुणत होती. मला फार बरं वाटलं. हे जमलंच पाहिजे. गेल्या खेपेला माझा प्रभाव पडला होता, या खेपेला आणखी पाडायचा. आठवडाभर फक्त ताक.

१५ मार्च

ताक. सोबत थोडा झुणका.

१९ मार्च, होळी

पुरणपोळ्या. नऊ. होळीला नैवेद्य नाकारला तर पोरीच्या कामात विघ्न येतं, असं नलूची आई म्हणाली. तूप तिनेच सोडलं. वाटी उलटी करून.

२१ मार्च, रविवार, सकाळी ८

भयंकर प्रसंग. उरलेला सदरा डोक्यातून खाली आला आणि दंडाशी अडकला. ना वर, ना खाली. नलू आणि तिची आई दोघी ओढत होत्या. निघाला, पण बटणांसकट नाही. दुसरं काही नाही! पेटी रिकामी. हिरालालचा सदरा मागवला, तो माझ्या एका हाताला झाला. पाहुणे दहाला येणार. पोरीचं नशीब आणि बाप उघडा. त्या भागीरथेच्या गंजावर लाथ मारावीशी वाटली.

दुपारी ३

जमलं!

शेवटी धोतर नेसून खांद्यावर उपरणं टाकलं आणि तसाच बैठकीत जाऊन बसलो. उपरणं घसरत होतं, पोटावर टिकत नव्हतं. लाजेने मान वर होईना. प्रभाकरराव मात्र बघतच राहिले. चेहरा उजळला. जवळ सरकून बसले. दोन प्लेट पोहे, दोन कप चहा, वर मागून पाणी. सुमित्राबाईंनी नलूला जवळ घेतलं आणि आत जाऊन तिच्या आईचे हात धरले. साखरपुडा गुढीपाडव्याला ठरला.

माझ्या साध्या राहणीचा परिणाम. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला साधेपणा कळतो. साखरपुड्यालाही उपरण्यावरच बसणार.

४ एप्रिल, गुढीपाडवा

साखरपुडा झाला. नलूच्या अंगावर हिरवं लुगडं. दृष्ट लागेल अशी.

पंगतीत मी व्याह्यांच्या शेजारी. चौथी जिलबी उचलत होतो, तर प्रभाकररावांनी सगळ्यांच्या देखत माझ्या पोटावर थाप मारली. म्हणाले, बंडूजी, आता खरं सांगतो. पयल्या खेपेले तुमाले पाह्यलं अन् वाटलं, याले क्षय आहे. क्षयाच्या घरची पोरगी कशी करावं? आमी तर नाहीच म्हणून राह्यलो होतो. पण वहिनी म्हणे, होळीपर्यंत थांबा, माणूस भरून दाखोते. दाखोला बाप्पा!

सगळी पंगत हसली. वाढपी हसले. हिरालाल तर पत्रावळीवर पडला. मीही हसलो. जिलबी हातातच राहिली. मग खाल्ली.

५ एप्रिल, सोमवार

सकाळी नलूच्या आईला विचारलं, वैद्य कोण? म्हणाली, वैद्य नाईच. डिंक, खारीक, गूळ अन् तूप. वरणात तूप, भाकरीच्या पदरात तूप. मला का नाही सांगितलं? म्हणाली, सांगतलं असतं तर तुमी हट्टानं जेवलेच नसते.

हे खरं आहे. जेवलो नसतो. पोरीचं लग्न माझ्या गळ्याच्या हाडाला अडकलं होतं आणि मी त्याच हाडाचं कौतुक करत आरशापुढे उभा होतो. लाज वाटली. मनापासून वाटली. पोहे, ठसका, छातीची चर्चा, सगळं एकदम समजलं आणि कान गरम झाले. नलूला म्हटलं, पोरी, चुकलो. ती पदर तोंडात धरून हसली. म्हणाली, बाबा, लाडू मीच वळत होती.

दुपारी म्हटलं, लग्नासाठी कोट तरी शिवला पाहिजे, माप देऊन येतो. नलूच्या आईने फळीवरून एक गठ्ठा काढला. नवा काळा कोट. जानेवारीतच शिवून आणलेला. त्या रविवारी मुद्दाम काढला नव्हता; म्हणाली, पाहुण्यायले पोट दिसाले पाह्यजे होतं. घातला. खांदे बरोबर, पोट बरोबर, सगळी बटणं लागली. मी म्हटलं, जानेवारीत तर मी दोन मणांच्या आत होतो, हे माप कोणाचं दिलंस?

म्हणाली, वीस वर्षं झाली तुमचे कपडे धुऊन राह्यली, मले तुमचं माप कोणाले विचारा लागते का?