लाडवांचा डबा आणि लुंबिनीचं विमान

मंगळवार, संध्याकाळ

...सकाळी भांडी घासून पालथी घालत होते, तेवढ्यात पुतण्या विलास आला. "काकी, लुंबिनीची तयारी करा. दोस्ताचं चार सीटचं विमान हाय. शिर्डीवरनं थेट नेपाळ." ऐकून बरं वाटलं. लुंबिनीला आम्ही दोघांनी जायचं होतं, हे गेले आणि ते राहिलंच.

मग त्यानं लाडवांचा डबा पुढे केला. "दोस्ताच्या पावण्यांना द्यायचाय. तुमच्या पिशवीत असू द्या. तुमची पिशवी कोन तपासतंय?"

कस्टमचं विचारलं तर हसला. "नेपाळ काय परदेश हाय व्हय?" पण मी वाचलंय. विमान लहान असलं तरी देश सोडण्याआधी कस्टम असलेल्या विमानतळावर उतरावं लागतं, पलीकडच्या हद्दीत शिरायची परवानगी लागते. मग थेट कसं? आणि डबा त्याच्या बॅगेत का नको?

डबा त्याच्या लग्नात मीच दिलेला. लाडवांनी गच्च भरला तरी एवढा जड होत नाही. झाकणाला चिकटपट्टी कशाला? की उगाच संशय घेतेय मी? हे असते तर विचारलं असतं.

बुधवार

विलासच्या घरी जाऊन डबा न उघडता त्याच्या हातात परत दिला. तिथून श्रीरामपूरला गेले आणि लुंबिनीसाठी गोरखपूरपर्यंतचं रेल्वेचं तिकीट काढलं. एकच.