दादाचं हॉटेल, बोअरचं पाणी

२ फेब्रुवारी
स्टीम ओव्हन पुन्हा बंद. ढोकळ्याचे ट्रे आत आणि वाफच नाही. अकोल्याहून मेकॅनिक आला. मागचं झाकण काढून वाफेची टाकी दाखवली. आतली कॉइल दिसतच नव्हती, सगळा पांढरा दगड. स्क्रूड्रायव्हरनं टोचलं तर खापरासारखी खपली निघाली. दादासमोरच बोलला, "साहेब, बोअरच्या पाण्यानं मशीन जाईल. पाण्यातला खार काढणारा सॉफ्टनर बसवा."
दादा हो हो म्हणाला. तो गेल्यावर मला म्हणे, "विकायले आलता तो. आपण लहानपणापासून हेच पाणी पिऊन राह्यलो, काय झालं आपल्याले?"
दादाच्या घरी चहालाही जारचं पाणी लागतं.

५ फेब्रु.
लिंबूसत घालून टाकी उकळली. तीनदा पाणी काढलं, तरी बुडाचा थर हलला नाही. त्या वाफेनं घसा धरलाय. नखांच्या कडा चरचरतात.
मशीन वंदनासाठी घेतली, असं दादा गिऱ्हाइकांना सांगतो. नाशिकला होस्टेलच्या मेसवर मी बरी होते. तेव्हा फोनवर फोन. "वंदू, ये तू. किचन तुझं. मी तोंड घालणार नाही." सख्खा भाऊ म्हणतो म्हणून नोकरी सोडून मलकापूरला आले. तोंड घालत नाही हे खरं. लक्षही घालत नाही.

१३ फेब्रु.
हॉटेलसमोर कारंजं लावलं होतं, हायवेवरून दिसावं म्हणून. रंगीत दिवे वगैरे. आज त्याची भोकं खारानं बुजली. दुपारी नांदुऱ्याहून प्लंबर हजर.
म्हटलं, "दादा, हाच खार ओव्हनमधी बसते."
"कारंजं लोकाइले दिसते वं. तुह्या ओव्हनले कोन पाह्यते?"
वहिनी हसली. वाईट त्याचं वाटलं नाही. नोकरमाणसंही हसली त्याचं वाटलं.

१७ फेब्रु.
शेवटी मीच केलं. मागच्या मोरीजवळ एक ड्रम ठेवला. नगरपालिकेचा नळ येतो तेव्हा भरून घ्यायचा, छोट्या पंपानं ओव्हनला जोडायचा. मेकॅनिकनं फोनवर समजावलं. नळाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरं. ड्रमवर खडूनं लिहिलं: ओव्हनचं पाणी, घेऊ नये.
वहिनी: "वंदनाताई, ओव्हनचं सोवळं पाळून राह्यल्या का?"
बोलू दे. आज वाफ अशी दाट आली की दार उघडल्यावर चष्मा पांढरा. बेसनाच्या पातोड्या एकसारख्या शिजल्या. किती दिवसांनी बरं वाटलं.

१ मार्च
उद्या पल्लवीचा साखरपुडा, आपल्याच हॉटेलच्या हॉलवर. दादाची एकुलती एक. मुलाकडचे आजच मुक्कामी येताहेत. ड्रम काठोकाठ भरून ठेवला. पल्लवी किचनमधे येऊन गेली. "आत्या, तुह्या हातचा ढोकळा पाह्यजे, त्याइले सांगून ठेवलं मी." लहानपणी सुट्टीत नाशिकला माझ्याकडेच असायची.

२ मार्च
लिहवत नाही. तरी.
ट्रे लावले, ओव्हन सुरू केला, वाटण पाहायला गेले. जळका वास आला. धावत आले तर वाफ नाही. मागे जाऊन पाहिलं. ड्रम रिकामा, तळाला बोटभर पाणी. पंप नुसता फिरतोय. नंतर कळलं, सकाळी पाहुण्यांच्या आंघोळीला सगळं पाणी गेलं होतं, बोअरच्या पाण्यानं केस चिकट होतात म्हणून. मला कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. माझंही चुकलं, सुरू करण्याआधी पाहायला हवं होतं. पण आंघोळीला नेतील हे डोक्यातच आलं नाही.
ढोकळा बसला. पातोड्या कच्च्या. दादा व्याह्यांना घेऊन किचनच्या दारात आला. मी ट्रे धरून उभी. तो त्यांना म्हणतो, "हिच्या हाती मशीन देली, तेच चुकलं माहं. नाशिकले काय करत होती देव जाणे."
व्याही हसले. पल्लवी मागेच होती. खाली पाहत होती.
मी ड्रमचं बोलले नाही. पाहुण्यांसमोर कसं बोलणार? पोरीचा दिवस.

४ मार्च
मेकॅनिक आला. टाकीत पाणी नाही म्हणून कॉइल जळाली. पाणी संपलं की मशीननं आपोआप बंद व्हायला पाहिजे, पण पाणी मोजणाऱ्या दांडीवरही जुना खार. दादा तिथेच होता. सगळं ऐकलं. नंतर एवढंच म्हणाला, "झालं ते झालं. तोंड पाडून नको फिरू."
ड्रम रिकामा करायला कोणी सांगितलं, दादाला विचारलं. "मले काय मालूम." वहिनीच असणार. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

१२ मार्च
सॉफ्टनर आला! नवा कोरा, भिंतीला बसवला. मी वेड्यासारखी खूश. दादाला चहा करून नेला. तेव्हा कळलं. होणाऱ्या जावयाचा चुलतभाऊ येतोय, हॉटेलचा कोर्स केलेला. किचन तो पाहणार. त्यानं फोनवरच सांगितलं, सॉफ्टनरशिवाय हात लावणार नाही. लगेच सॉफ्टनर आला.
"मंग मी?"
"तू घरचीच आहे. काउंटरवर बस ना आरामात. त्याले आधी सगळं दाखवून दे."
चहा तिथेच ठेवून आले.

१६ मार्च
खामगावहून फोन. मुलींच्या होस्टेलच्या मेसवर बाई हवी आहे. नाशिकच्या ओळखीतून नाव गेलं. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.
वहिनीनं जेवायला हाक मारली. मी गेले नाही.

१८ मार्च
नवा माणूस उद्या येतो. संध्याकाळी पल्लवी किचनमधे आली. ओट्याला टेकून उभी राहिली.
"आत्या, ड्रम मी खाली करायले सांगितला होता. सासूबाईनं गोडं पाणी मागितलं. पह्यल्याच दिवशी नाही कसं म्हनू?"
मला आधी वहिनी आठवली. किती दिवस तिच्याकडे पाहिलं नाही मी.
"बाबाले सांगितलं तू?"
"लग्न झालं की सांगतो. आता सांगितलं तर सासरी कानावर जाईन ना ते." मग हळूच, "खामगावचं ऐकलं मी. तू लग्नापर्यंत थांबशीन ना? आत्याबिगर कसं होईन?"
गॅसवर वरण होतं. मी ढवळत राहिले.
"आत्या, बोल ना."
वरणाला उकळी आली होती. गॅस लहान केला. "लग्नाले येईन," म्हटलं, "पन खामगावहून."