सात वारांचे उपास

१० नोव्हेंबर, सोमवार
पुढच्या सोमवारी केमोचा डोस. डॉक्टरांनी बजावलंय, उलट्या-जुलाब वाढले तर लगेच फोन करा. वाढलेत. फोन केला तर डोस पुढे ढकलतील, म्हणून नाही केला. ताट समोर आलं की पोट ढवळतं आणि सून नम्रता ताट घेऊन मागे लागते. आज सांगितलं, शंकराचा उपास आहे. ताट उचलून आत नेलं. सोपं आहे की!

११, मंगळवार
गणपतीचा. नम्रताने साबुदाण्याची खिचडी केली. दोन घास खाल्ले आणि संडास गाठला. पुस्तकात वाचलंय, पोट रिकामं असलं की शरीर स्वतःची दुरुस्ती करतं. दुरुस्ती जोरात चालू आहे.

१२, बुधवार
अडचण. शेजारची हौसा ओरडली, बुधवार म्हावऱ्याचा गो, देव कुठला काढलास नवीन? विठोबा म्हटलं. म्हणते, कमळाकर भावजी होते तवा एक उपास नाय धरलास, आता तेहतीस कोटी घेऊन बसलीस! खरं आहे. ह्यांना फसवता आलं नसतं.
तिच्याकडे बोंबील तळत होते. परसात जाऊन ओकले. ॲसिडिटी असेल.

१३, गुरुवार
दत्ताचा. नम्रताही उपाशी. म्हणाली, बरं व्हायला तुम्ही एवढं करताय आई, मी काय नुसती बघत बसू? सगळे वार धरणार म्हणते. कंपनीत शिफ्टभर उभ्याने पॅकिंग करते. तरुण आहे, झेपेल.

१५, शनिवार
मारुती आणि एकादशी एकाच उपासात उरकले. साडीला निऱ्या जास्त येतात. धुऊन धुऊन कापड वाढलं असावं.
उद्यापासून मीठ-साखरेचं पाणी प्यायचंच.

१६, रविवार
उद्यापासून.

१७, सोमवार
पेणला गेलो. वजन बघून डॉक्टरांनी डोस थांबवला, सलाईन लावलं. उलट्या-जुलाब कधीपासून, म्हणून विचारलं. कालपासून, म्हटलं. नम्रताने अभिमानाने सगळे वार मोजून दाखवले. डॉक्टरांनी कागदावरचं ‘कालपासून’ खोडलं.
घरी आल्यावर तिला सांगितलं, देवबिव काही नव्हता गो, मला खाववत नव्हतं. तू जेव. ती रडली नाही की रागावली नाही. म्हणाली, मी देवाला बोलून बसलेय आई, आधी तुमच्या पोटात काही ठरू दे.
मऊ भात कालवून आणला. एक घास गिळला. ठरला नाही.
तिने मोरी धुतली. स्वतःचं ताट झाकून ठेवलं.