शिडीच्या वाटेखाली तुम्ही आलात तो दिवस

बाबा, तुम्ही मला डोंगरातून परत न्यायला आलात, त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की बोलायचं राहून गेलं म्हणण्यातही काही अर्थ नाही. तरी लिहिते आहे. आणि आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाही.

तुमची गिरणी बंद पडून वर्ष उलटलं होतं. जोगेश्वरीच्या आपल्या खोलीत तुम्ही दिवसभर खाटेवर बसून असायचात आणि घर चालत होतं ते माझ्या अंधेरीच्या कारखान्यातल्या नोकरीवर. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, पण तुमचा शब्द घरात आधीपेक्षा जड झाला होता. लोणावळ्याहून डोंगराडोंगरांतून भीमाशंकरपर्यंत चालत जायचं, वाटेत गावांत मुक्काम करायचा, बरोबर कारखान्यातले चौघे आणि मुलगी मी एकटीच, हे ऐकून तुम्ही ताटावरून मान वर न करता "नाय" म्हणालात. का, असं विचारलं तर "नाय म्हंजे नाय." रागावलात की तुमच्या तोंडी मालवणी यायची. मी आईला वाटेतल्या गावांची नावं सांगितली आणि निघाले. लपून नाही, तुमच्यासमोर सॅक पाठीला लावून निघाले.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खांडसला, डोंगराच्या पायथ्याशी, चहा घेतोय आणि कर्जतहून आलेल्या एसटीतून तुम्ही उतरताय. लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट, पायात चपला. मला आधी वाटलं, आईला काही झालं. मी धावत आले तर तुम्ही म्हणालात, "चल घराक."

"आई बरी आहे ना?"

"आवस बरी आसा. तू चल. चार बाप्यांबरोबर डोंगरात झोपतंस, चाळीतले लोक काय म्हणतले?"

चाळीतले लोक! आमच्यात वाट माहीत असलेला एकच होता, मुलुंडला राहणारा; त्याचाही बाप गिरणी कामगारच. वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, "काका बरोबर बोलतायत यार. तू जा. तुझं सामान आम्ही वाटून नेतो." आदल्या दिवशी त्याच्या पायाला फोड आले म्हणून त्याची भांडी मी वाहिली होती, बाबा. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, पण त्याला होतं.

मी म्हटलं, "मी भीमाशंकरला पोचूनच घरी येणार." तुम्ही म्हणालात, "मगे त्या घरात येव नको." मी सॅक उचलायला वाकले तर तुम्ही तिचा पट्टा धरलात. मी ओढली, तुम्ही ओढलीत, आणि सगळा भार एकदम तुमच्या हातावर आला. तुमचा चेहरा बदलला. "एवढा वजन?" तुम्ही विचारलंत, आणि तो राग नव्हता. मी "हो" म्हटलं. तुम्ही पट्टा सोडलात.

त्या दिवशी मी जशी चढले तशी पुन्हा कधी चढले नाही. जंगल संपलं की उभा कडा आणि कड्याला टेकवलेल्या लोखंडी शिड्या. त्यातली एक तर पाय ठेवला की हलायची. मुलुंडचा खालून म्हणाला, "सॅक दे गं, उगाच हट्ट नको." मी म्हटलं, "तू तुझी सांभाळ." वर पोचेपर्यंत तळहात सोलवटले होते. पठारावर गवत पिवळं पडलेलं, वारा थंड, आणि खाली सगळं कोकण धुरकट. मी तिथे उभी राहून मोठ्याने हसले. का हसतेस, असं कुणी विचारलं नाही. संध्याकाळी देवळाशी पोचलो. मी हात जोडले, मागितलं काहीच नाही.

घरी आले तर दार उघडंच होतं. आईने पान वाढलं. शेजारचे काका डोकावले तेव्हा तुम्हीच घाईने म्हणालात, "कंपनीच्या ट्रेनिंगला गेली होती." मी घास गिळला आणि म्हटलं, "नाही काका, डोंगर चढायला गेले होते. आणि परत जाणार आहे." होळीपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मीही बोलले नाही. त्यानंतर दर हिवाळ्यात मी गेले, तुम्ही असताना आणि नसतानाही. तुम्ही तेव्हा ज्या वयाचे होतात ते वय मी केव्हाच ओलांडलंय. या वयातून पाहिल्यावर तुमचं दुःख मला कळतं. गिरणी गेली, पगार गेला, आणि मग मुलगीही ऐकेना. कळतं, पण त्याची भरपाई मी घरी बसून करायची होती, हे मला आजही मान्य नाही. तुम्ही आज त्या एसटीतून उतरलात तरी मी नाहीच म्हणेन.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या सकाळी पट्टा सोडल्यावर तुम्ही अजून एकदा, हळू आवाजात, नुसतं "चल गो" म्हणाला असतात, तर मी आले असते.