वंदन शेवटी

लोगन, ब्रिस्बेन
६ मे

ति. आजोबांना लोसाचा सा. न., आणि आजीला दुप्पट, कारण तिची कोकोची पुडी पोचली.

हे पत्र चर्चच्या पायरीवर बसून लिहितेय. पप्पांनी घरात सामोअन बोलायला बंदी केलीय. म्हणे आपल्या भाषेमुळेच माझं इंग्रजी मागे पडतं. पण पप्पांचं स्वतःचं इंग्रजी जेव, झोप आणि पुरे एवढ्यात संपतं. त्यामुळे जेवताना नुसती ताटं वाजतात.

झालं असं, की शाळेत काय बदलावं यावर निबंध होता. मी तुमच्यासारखी सुरुवात केली. मुख्याध्यापकांना वंदन, डॉसनबाईंना, वर्गाला, मग माझी बोलायची लायकी नाही म्हणून क्षमा. तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी खाली लाल पेनने विचारलं, की उत्तर कुठे आहे? आता सात जूनला पप्पांना बोलावलंय. मला आठवीतून पुन्हा सातवीत बसवायचं का, ते तेव्हा ठरेल. आजोबा, मी खरंच ढ आहे का?

लोभ करा, कीव नको.
तुमची लोसा

सावाई बेट, सामोआ
१७ मे

चि. लोसास आजोबांचे अ. उ. आ.

तू ढ असशील तर चाळीस वर्षं सभेत गावाच्या वतीने बोलणारा मी महाढ. तुझ्या बापालाही मीच बोलायला शिकवलं. काय खणखणीत बोलायचा! त्या मांसाच्या कारखान्यातल्या यंत्रांनी त्याचा आवाज खाल्ला वाटतं. हे त्याला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

आता नीट ऐक. मनातलं सगळं आधी आपल्या भाषेत, उभी राहून, मोठ्याने बोल. मग तेच इंग्रजीत उतरव. मात्र तिकडे पाहुणा दारातूनच काम सांगतो. तेव्हा मागणं आधी, वंदन शेवटी. पण वंदन गाळू नकोस, नाहीतर लोक म्हणतील हिला आजोबा नव्हते.

आजी म्हणते, पोटभर जेवत जा.

तसूभरही लोभ कमी न झालेला,
आजोबा

लोगन
८ जून

ति. आजोबांना लोसाचा उड्या मारत सा. न.

चर्चमागे कावळ्यांपुढे भाषण करून दुसरा निबंध लिहिला. वाचनालय मधल्या सुट्टीत उघडं हवं, हे पहिल्याच ओळीत! काल बाईंनी दोन्ही निबंध टेबलावर ठेवले आणि गोड आवाजात विचारलं, की दुसरा कोणी लिहून दिला.

पप्पा ताडकन उठले. इंग्रजीत दोन शब्द बोलले आणि अडकले. कान लालबुंद. आणि मग, आजोबा, ते सामोअनमध्ये बोलू लागले! ताठ उभे, जणू हातात तुमची सभेतली काठी. शाळेला वंदन, ही जमीन मुळात ज्यांची त्या आदिवासींना वंदन, बाईंच्या आईवडिलांनाही वंदन. मी लगोलग इंग्रजीत सांगत गेले. आधी म्हटलं, की पप्पा सांगतात हा शब्दन् शब्द माझ्या मुलीचा आहे. मग म्हटलं, आता वंदनं येतील, कृपा करून घड्याळ बघू नका.

बाईंनी पेन खाली ठेवलं ते पप्पा बसेपर्यंत उचललं नाही. मग माझी क्षमा मागितली. मी आठवीतच राहणार!

लोभ दोन्ही भाषांत,
लोसा

लोगन
१५ जून

ति. बाबांना एटीचा सा. न.

अकरा वर्षांत पत्र नाही, फोनवर भागवलं. आज लिहितोय.

जिच्या तोंडाला मी कुलूप घातलं, तिच्याच तोंडून त्या खोलीत माझं म्हणणं लोकांना कळलं. भाषण मात्र तुमचंच निघालं. माझं चुकलं, बाबा. मला वाटलं होतं एक भाषा काढली की दुसरीला जागा होईल. बंदी उठवलीय, आता घरात एवढा कलकलाट असतो की ताटांचा आवाज ऐकू येत नाही.

लोसा मला रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवते. फार कडक आहे. पहिला निबंध दिलाय, 'माझे वडील'. आधी आपल्या भाषेत लिहायला लावला. तो सोबत जोडतोय. वंदन शेवटी आहे, तेव्हा मधेच सोडू नका.

तुमचा,
एटी